काय दाबलं बे तू?

सिंदी मेघे आता वर्धा शहराला इतकं चिकटून वाढलं आहे, की गाव कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं हे नवख्या माणसाला कळत नाही. गावपण टिकून आहे ते कागदांत. ग्रामपंचायत आहे, पटवारी आहे, सातबारा आहे, आणि हे सगळे कागद आता संगणकातून निघतात. पीक विमा असो, पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज असो की उत्पन्नाचा दाखला, माणूस ‘ऑनलाइन’वाल्याच्या दुकानात जातो. तिथे खुर्चीवर बसलेलं पोरगं दिवसभर क्लिक करत असतं. त्यातल्या एखाद्या क्लिकला पडदा एकदम निळा होतो, त्यावर न समजणारी अक्षरं उमटतात, अर्धा भरलेला अर्ज जातो. मग मागून ठरलेला प्रश्न येतो: काय दाबलं बे तू?

हा लेख त्या पोराच्या बाजूनं आहे. साध्या वापरकर्त्यानं साधी आज्ञा दिली आणि त्यामुळे अख्खं यंत्र कोसळलं, तर चूक त्याची नसते. ती कर्नलमध्ये असते, एखाद्या ड्रायव्हरमध्ये (म्हणजे उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये) असते किंवा खालच्या यंत्रसामग्रीत असते. हे इतकं ठामपणे म्हणता येतं, कारण गेल्या पन्नासेक वर्षांत ऑपरेटिंग सिस्टिम ज्या तत्त्वावर उभ्या राहिल्या, ते तत्त्वच तसं आहे.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसर कुणी किती वेळ वापरायचा, डिस्कवर काय कुठे लिहायचं, हे सगळं तो ठरवतो. आपण वापरतो ते ब्राउझर, टायपिंगचा प्रोग्रॅम, व्हिडिओचा प्लेअर यांना डिस्कला थेट हात लावता येत नाही. आपल्या शेताच्या सातबाऱ्यावर आपल्याला स्वतः नोंद करता येत नाही, अर्ज द्यावा लागतो आणि दप्तरात लिहितो पटवारी, तसंच हे आहे. प्रोग्रॅम जो अर्ज करतो त्याला सिस्टिम कॉल म्हणतात. लिनक्समध्ये अशा अर्जांचे तीनशेहून जास्त प्रकार आहेत: फाइल उघड, मेमरी दे, नवा प्रोग्रॅम सुरू कर, नेटवर्कवर माहितीचं पाकीट पाठव. आलेला प्रत्येक अर्ज तपासणं हे कर्नलचं काम. अर्ज चुकीचा असेल तर तो परत करायचा, अर्जदार फारच वावगा वागला तर त्याला बाहेर काढायचं. अर्ज कितीही वेडावाकडा असला तरी दप्तराला धक्का लागता कामा नये.

ही शिस्त केवळ कर्नलच्या चांगुलपणावर सोडलेली नाही, ती प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच घातलेली आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या चार पातळ्या आहेत. त्यांतल्या सर्वांत वरच्या, शून्य क्रमांकाच्या पातळीवर कर्नल चालतो आणि आपले सारे प्रोग्रॅम तीन क्रमांकाच्या पातळीवर. या पातळीवरच्या प्रोग्रॅमनं परक्या मेमरीत हात घातला, तर प्रोसेसर त्याला तिथेच अडवतो आणि कर्नलला हाक मारतो. कर्नल तो प्रोग्रॅम बंद करतो. बाकीचं काम चालू राहतं.

एक प्रोग्रॅम मरणं आणि कर्नल कोसळणं यांतला फरक आपल्या लिपीनंच एकदा जगाला दाखवला होता. २०१८ च्या फेब्रुवारीत आयफोनवर एक तेलुगू जोडाक्षर आलं, की मेसेजचं ॲप बंद पडू लागलं. ते अक्षर सूचनेच्या पट्टीवर उमटलं, तर मुख्य पडदा दाखवणारा प्रोग्रॅमच पुन्हा पुन्हा मरायचा. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले प्रोग्रॅमर मनीष गोरेगावकर यांनी या अक्षराचा माग काढला. हा दोष तेलुगूपुरता नाही, बंगाली आणि देवनागरीतही तो निघतो, हे त्यांनी दाखवलं. देवनागरीत नुस्खा असा होता: पाय मोडलेलं एखादं व्यंजन, त्याला जोडलेला ‘र’, त्यापुढे अक्षरं वेगळी ठेवणारं एक अदृश्य चिन्ह, आणि मग काना. ही मांडणी समोर आली की अक्षरांना आकार देणारा ॲपलचा कोड गोंधळून जायचा. १९ फेब्रुवारीला ॲपलनं दुरुस्ती दिली. एवढ्या सगळ्या गोंधळात फोनचा कर्नल मात्र शाबूत होता. मेलेला प्रोग्रॅम उचलून बाजूला करणं आणि नवा सुरू करणं, हे त्याचं काम तो निमूटपणे करत राहिला.

कर्नल स्वतः चुकतो तेव्हा त्याला उचलायला वर कुणी नसतं.

या विषयावरचा मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा मजकूर युनिक्सच्या जन्मदात्यांपैकी एकानं, डेनिस रिची यांनी, १९७० च्या दशकात लिहिला. युनिक्सच्या सुरक्षेवरच्या एका छोट्या टिपणात त्यांनी सरळ कबूल केलं, की वापरकर्त्यानं यंत्र कोलमडवण्यापासूनचा बचाव ही युनिक्सची सर्वांत कच्ची बाजू आहे. पुराव्यादाखल त्यांनी एका ओळीची आज्ञा दिली: एक फोल्डर बनव, त्याच्या आत जा, तिथे पुन्हा फोल्डर बनव, पुन्हा आत जा, आणि हे थांबवू नकोस. बस. कुठलाही विशेष अधिकार लागत नाही, पासवर्ड फोडावा लागत नाही. फोल्डर बनवणं तर कुणीही करतं. पण प्रत्येक फोल्डरसाठी डिस्कवर एक नोंदीची जागा लागते, तिला आय-नोड म्हणतात, आणि अशा जागा मोजक्याच असतात. त्या संपल्या की त्या काळचा कर्नल कोसळायचा, किंवा त्याआधी डिस्कच भरून जायची आणि कुणालाच काही लिहिता यायचं नाही. एका मोठ्या यंत्राला बरेच टर्मिनल जोडून अनेकांनी काम करायचं, असा तो काळ होता. एकाची आज्ञा सगळ्यांची दिवसभराची मेहनत बुडवू शकत होती. स्वतः बनवलेल्या वस्तूतली अशी खोट तिच्या कर्त्यानं उदाहरणासह छापावी, याचं मला फार मोल वाटतं. पुढच्या पिढ्यांनी कोट्याची व्यवस्था आणली, एका वापरकर्त्यानं किती फाइली ठेवाव्यात यावर मर्यादा घातल्या.

कर्नल थांबतो तेव्हा युनिक्स घराण्यात त्याला ‘पॅनिक’ म्हणतात, आणि हे पॅनिक मुद्दाम लिहिलेलं असतं. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांनी मिळून मल्टिक्स नावाची महाकाय सिस्टिम बनवायला घेतली होती. १९६९ मध्ये बेल लॅब्स त्यातून बाहेर पडली आणि तिथल्याच केन थॉम्पसन व रिची यांनी युनिक्स उभं केलं. मल्टिक्सवर काम करणारे टॉम व्हॅन व्लेक यांनी एकदा रिचींना सांगितलं, की आमचा निम्मा कोड तर चुकांतून सावरण्यासाठीच असतो. रिचींचं उत्तर असं, की आम्ही ते सगळं गाळलं. चूक झाली की पॅनिक नावाचं एक कलम चालवायचं, यंत्र कोसळतं, मग बाहेरच्या बोळात ओरडून सांगायचं, कुणीतरी परत चालू करा रे.

यात आळस वाटेल, पण त्यामागचा विचार पक्का आहे. कर्नलला स्वतःच्याच नोंदींत विसंगती दिसली, म्हणजे एकच जागा दोन फाइलींच्या नावावर निघाली किंवा मेमरीतला एखादा पत्ता कुठेच पोचत नसला, तर पुढचा प्रत्येक हुकूम चुकीच्या माहितीवर दिला जाणार. दप्तरात घोळ दिसल्यावर पटवाऱ्यानं लेखणी खाली ठेवावी, हेच बरं. लिहीत राहिला तर शेजाऱ्याचं शेतही जाईल. विंडोजचा निळा पडदा हाच निर्णय आहे (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला). लिनक्समध्ये त्याआधी एक पायरी असते, तिला ‘ऊप्स’ म्हणतात: घोटाळा एका प्रोग्रॅमच्या कामापुरता आहे असं दिसलं, तर तेवढा प्रोग्रॅम मारून कर्नल पुढे चालतो. बँकेसारख्या ठिकाणी ऊप्स झालं तरी थांबच, अशी सूचना त्याला देऊन ठेवता येते. म्हणजे पडदा निळा होणं हा तुमच्या फाइलींचा शेवटचा बचाव असतो. चूक त्याच्या आधी केव्हातरी झालेली असते.

आता महाराष्ट्रातल्या एका पिढीला ओळखीचं वाटेल असं उदाहरण. एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला तेव्हा गावोगावच्या क्लासमधल्या अनेक संगणकांवर विंडोज ९८ असायचं. त्या काळात आणि पुढेही एक ईमेल फिरत असे: ‘कॉन’ नावाचं फोल्डर संगणकात बनतच नाही, हा शोध एका भारतीयानं लावला आणि बिल गेट्सलाही त्याचं उत्तर देता आलं नाही. अर्थात ही थाप होती. उत्तर मायक्रोसॉफ्टला चांगलंच ठाऊक होतं. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. तेव्हा कीबोर्ड आणि पडद्याला मिळून ‘कॉन’ हे नाव दिलेलं होतं, प्रिंटरला ‘पीआरएन’. ही पद्धत डॉसनं त्याआधीच्या सीपी/एम या सिस्टिमकडून उचलली होती. १९८३ मध्ये फोल्डर आले, पण जुने प्रोग्रॅम चालू राहावेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवली गेली. आजही ती राखीव आहेत.

त्या ईमेलमध्ये नसलेली गोष्ट जास्त गंभीर होती. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ‘कॉन’च्या आतला ‘कॉन’ उघडायला सांगितलं, की यंत्र निळं पडायचं. एक राखीव नाव तपासायची सोय होती. एकाच पत्त्यात दोन राखीव नावं येतील हे कुणी धरलंच नव्हतं. सी ड्राइव्ह, मग कॉन, मग पुन्हा कॉन, एवढं टाइप केलं की झालं. टाइपही करावं लागत नसे. एखाद्या वेबपेजवर चित्राचा पत्ता म्हणून हे लिहून ठेवलं, तर ते पान उघडणाऱ्याचा संगणक कोसळे. मायक्रोसॉफ्टनं मार्च २००० मध्ये त्याची दुरुस्ती काढली. पण तेव्हा इंटरनेट डायल-अपवर होतं, आपोआप अपडेट होण्याची सवय कुणालाच नव्हती. दुरुस्ती निघणं आणि ती क्लासमधल्या संगणकावर पोचणं यांत मोठं अंतर होतं.

त्याच्या काही वर्षं आधी, १९९६ मध्ये, याहून भयंकर गोष्ट उघडकीला आली होती. ‘पिंग’ ही नेटवर्कवरची सर्वांत निरुपद्रवी आज्ञा: समोरचं यंत्र जिवंत आहे का, एवढंच ती विचारते. इंटरनेटच्या नियमानुसार एक पाकीट जास्तीत जास्त ६५,५३५ बाइटचं असू शकतं. मोठं पाकीट तुकडे करून पाठवतात आणि घेणारा कर्नल ते तुकडे जोडतो. विंडोज ९५ वरून पिंगला थोडा मोठा आकार सांगितला, तर जोडून होणारं पाकीट या मर्यादेपलीकडे जायचं. एकेक तुकडा नियमात बसणारा, बेरीज नियमाबाहेर. घेणाऱ्या कर्नलनं राखलेली जागा अपुरी पडायची, उरलेले बाइट शेजारच्या मेमरीवर सांडायचे, आणि ते यंत्र कोसळायचं. युनिक्स, लिनक्स, मॅकिंटॉश, विंडोज, नेटवर्कवरचे प्रिंटर, सगळेच याला बळी पडले. इथे आज्ञा देणाऱ्याचं यंत्र ठणठणीत राहायचं, पडायचं ते दुसऱ्याचं. लिनक्सची दुरुस्ती काही तासांत आली आणि बाकीच्यांचीही पुढे आली. तरीही २०१३ मध्ये नव्या आयपीव्ही६ पद्धतीत मायक्रोसॉफ्टला याच घराण्यातला दोष पुन्हा दुरुस्त करावा लागला. नवा कोड लिहिणाऱ्यांना जुन्या खोड्या नव्यानं शिकाव्या लागतात.

अशी उदाहरणं पुढेही येत राहिली. २०१७ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ मधल्या डिस्कच्या मुख्य नोंदवहीची फाइल फोल्डर समजून उघडायला सांगितली, की कर्नल तिला कुलूप लावायचा आणि काढायचंच विसरायचा. मग डिस्कवर काम असलेला प्रत्येक जण त्या कुलपापुढे ताटकळत बसायचा. २०२१ च्या जानेवारीत विंडोज १० मधला एक अंतर्गत पत्ता ब्राउझरच्या चौकटीत टाकला, तरी निळा पडदा यायचा. त्या जागी अर्जासोबत एक जोडपत्र असेल असं कर्नलनं गृहीत धरलं होतं, आणि ते नसेल तर काय करायचं हे लिहिलंच नव्हतं. आणि १९९७ मध्ये तर खुद्द इंटेलच्या पेंटियममध्ये चार बाइटची एक सूचना सापडली, जी कुठल्याही साध्या प्रोग्रॅमनं चालवली तरी प्रोसेसर जागच्या जागी गोठत असे. तिथे कर्नलचाही दोष नव्हता, तरी हार्डवेअरची ती खोट झाकायची युक्ती कर्नल लिहिणाऱ्यांनाच करावी लागली.

१९ जुलै २०२४ ला तर कुणी आज्ञाही दिली नव्हती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या प्रोग्रॅमचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये बसून काम करतो. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी त्याला एक नवी माहितीची फाइल गेली. नव्या साच्यात २१ रकाने होते, वाचणाऱ्या कोडला २० च पुरवले जात होते. एकविसावा शोधताना तो हद्दीबाहेरच्या मेमरीत गेला आणि जगभरात सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. मुंबईच्या विमानतळावर रांगा लागल्या, देशात कित्येक प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीनं दीड तासाच्या आत ती फाइल मागे घेतली. पण पडलेली बरीच यंत्रं नेटवर्कवरून उभी करता येईनात. तिथे एकेका संगणकापाशी माणूस पाठवून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसावी लागली. ड्रायव्हर आणि अशी सुरक्षेची साधनं कर्नलच्याच पातळीवर चालतात, म्हणून त्यांच्या चुकीची किंमतही कर्नलच्या चुकीएवढीच असते.

चुका उरतात याचं मोठं कारण आकार. लिनक्सच्या कर्नलमध्ये आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. त्या सगळ्या माणसानं वाचून तपासणं शक्य नाही, म्हणून यंत्रालाच कामाला लावलं आहे. गूगलनं बनवलेला सिझकॉलर नावाचा प्रोग्रॅम कर्नलपुढे रात्रंदिवस वेडेवाकडे अर्ज टाकत बसतो: अर्धवट भरलेले, उलटसुलट क्रमाचे, ‘कॉन’मधल्या ‘कॉन’सारखे कुणाच्या डोक्यात येणार नाहीत असे. कर्नल कोसळला की तो अर्ज लिहून ठेवतो आणि कर्नल लिहिणाऱ्यांना कळवतो. २०१७ पासून अशा हजारो चुका त्यातून सापडल्या. दुसरीकडे, मेमरीची हद्द ओलांडू न देणारी रस्ट ही भाषा डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्ये आली आहे. तिची मुळं धरायला वेळ लागेल, जुना सी भाषेतला डोंगर एकदम हलणार नाही.

कोसळलेल्या कर्नलकडून कारण काढून घेण्याची सोय मला याहून सुंदर वाटते. मेलेला कर्नल स्वतःची हकीकत डिस्कवर कशी लिहिणार? त्याच्या हातावर तर विश्वासच उरलेला नसतो. यावर २००५ मध्ये लिनक्समध्ये ‘केडंप’ ही व्यवस्था आली, आणि ती घडवण्यात आयबीएमच्या बंगळूरमधल्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. मेमरीचा एक कोपरा आधीच राखून तिथे दुसरा छोटा कर्नल तयार ठेवलेला असतो. पहिला पडला की हा जागा होतो, पहिल्याची मेमरी जशीच्या तशी उचलून फाइलमध्ये ठेवतो, आणि मग यंत्र पुन्हा सुरू होतं. सकाळी अभियंता येऊन शेवटचा अर्ज कुणाचा होता आणि तो कुठल्या ओळीवर अडकला, हे बघू शकतो.

कारण नंतर कळतं, पण कोसळण्यानं अडलेलं काम कसं वाचवायचं, हे महासंगणकांत दिसतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला आणि २०२४ मध्ये ‘अर्क’. विदर्भातल्या सोयाबीन-कपाशीवाल्याला ज्या पावसाच्या अंदाजाची वाट असते, त्याची गणितं अशा यंत्रांवर तासन्‌तास चालतात. महासंगणक म्हणजे हजारो छोटे संगणक एकत्र बांधलेले, आणि प्रत्येकाचा कर्नल वेगळा. त्यांतला एक जरी मधेच कोसळला, तर त्याच्यावर अवलंबून असलेलं गणित अडतं. म्हणून ठराविक वेळानं गणिताची स्थिती साठवून ठेवतात, आणि बिघाड झाला तर तिथून पुढे सुरुवात करतात. इतक्या यंत्रांत एखादं तरी पडणारच, हे तिथे आधीच धरलेलं असतं.

ऑनलाइनच्या दुकानात केडंप चालवायला कुणी नसतं, पण माग काढता येतो. पडदा निळा किंवा काळा झाला तर आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. त्यावर एक कोड असतो, आणि बऱ्याचदा खाली बिघडलेल्या ड्रायव्हरच्या फाइलचं नावही. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘मिनिडंप’ नावाचं उपफोल्डर असतं. तिथली ताजी फाइल जपून ठेवावी. मग तीच कृती पुन्हा करून बघावी, अर्थात चालू अर्ज जतन करूनच. दर वेळी नेमक्या त्याच आज्ञेला यंत्र पडत असेल, म्हणजे प्रिंट काढताना किंवा बोटाच्या ठशाचं यंत्र जोडताना, तर संशय त्या उपकरणाच्या ड्रायव्हरवर घ्यावा. अलीकडे कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट आला ते बघून तो काढून टाकावा किंवा त्याची नवी आवृत्ती घालावी. यंत्र कधीही, कशालाही पडत असेल आणि दर वेळी कोड वेगळा येत असेल, तर बहुधा रॅम, वीजपुरवठ्याचं एसएमपीएस किंवा धुळीनं बुजलेला पंखा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि विजेचा दाब वरखाली होतो, तेव्हा या तिघांचीच परीक्षा असते. विंडोजमध्येच मेमरी तपासायचं साधन आहे. दुकान बंद करताना ते लावून जावं आणि सकाळी निकाल बघावा. दोन रॅम पट्ट्या असतील तर एकेक काढून चालवून बघावी. कुठली पट्टी बसवल्यावर यंत्र पडतं, ते दोन-तीन दिवसांत कळतं.